उंटाचं हाड

अंशुमन नावाचा मुलगा कॅनडाला निघाला होता.
बाणेरला, नवव्या मजल्यावर,
फ्रीज, सोफा, कुंड्या, सगळ्यांना किमतीच्या चिठ्ठ्या.
हिला चिठ्ठी नव्हती.
भिंतीला टेकून उभी होती, निरोप घ्यायला आलेल्या पाहुणीसारखी.
"ही द्यायचीय का?" मी विचारलं.
तो इतका वेळ गप्प राहिला
की मीच दोन हजार वाढवले.

समोरची फळी स्प्रूसची, तेव्हा सायीच्या रंगाची,
आता बारा वर्षांनी साजूक तुपाकडे झुकलेली.
पाठ शिसवी.
खालच्या खांद्याला अर्धचंद्राची खाच,
बोटांना चौदाव्या पडद्यापलीकडे उतरता यावं म्हणून.
आणि कुशीत, ऐन वळणावर,
लाकूड चौकोनी कापून बसवलेला काळा प्रीअ‍ॅम्प.
आई बघून म्हणाली होती,
"ऑपरेशन झालंय का हिचं?"

बास, मिड, ट्रेबल, ट्यूनरचा हिरवा दिवा.
नऊ व्होल्टची बॅटरी, तापकीर गल्लीतून आणायची,
केबल जॅकमध्ये विसरलो की सकाळपर्यंत खलास.
शिवाय फेज नावाचं एक बटण.
त्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.
अधूनमधून दाबतो,
आधीच दाबलेलं लिफ्टचं बटण आपण पुन्हा दाबतो तसं.

मे महिन्यात पुण्याची हवा लाकूड पिते.
पेटीत मी भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवतो.
शैलजा म्हणते, गॅलरीतल्या जास्वंदीला
कधी इतकं विचारलं नाहीस.
खरं आहे.

धायरीच्या एका लॉन्सवर, कुणाच्या तरी साखरपुड्यात,
घोडीवरची प्लॅस्टिकची पट्टी तडकली
आणि सहावी तार बोलायचीच थांबली.
रशीदभाई सतारमेकर, मूळ मिरजेचे, आता दत्तवाडीत.
त्यांनी पाठीवर टिचकी मारून ऐकलं,
पोटात टॉर्च मारून पाहिलं,
आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "जवारी काढू?"
"नको, रशीदभाई. गिटार आहे."
"बरं. नुसतीच बोलेल मग, गुंजणार नाही."
उंटाच्या हाडाचा तुकडा घेऊन ते कानस मारत बसले.
खोलीभर दातांच्या दवाखान्याचा वास.
घोडीच्या खाचेतली तार उचलून म्हणाले,
"ही ऐकते होय?"
"ऐकत नाही. दाब ओळखते.
तार हलली की हाड दबतं, हाडाखाली ही."
"म्हणजे बहिरी."
"ठार."
आम्ही दोघं किती हसलो होतो.

यंदा पाडव्यानंतर डॉक्टर पाळंद्यांनी आलेख पुढे सरकवला.
डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली रेघ,
पर्वतीच्या पायऱ्या वरून दिसतात तशी.
"मोठ्या आवाजाजवळ काम करता?"
सव्वीस वर्षं. स्पीकर कायम उजव्या हाताला.
वरचे सूर आधी जातात म्हणाल्या.
मशीन घ्या, छोटं असतं, बॅटरीवर चालतं.
मी म्हणालो, कितीची?
त्यांना वाटलं किंमत विचारतोय.

रात्री जेवणं उरकल्यावर केबल लावत नाही.
जबडा हिच्या वरच्या खांद्यावर टेकवतो
आणि डोळे मिटून एकेक तार सोडतो.
सहावी दातांत येते.
पाचवी, चौथी कानशिलाच्या हाडात.
तिसरी गळ्याशी कुठेतरी.
पहिली येत नाही.
ती वाजली, एवढं बोटाला कळतं.

दिवा बघितला तर ट्यूनर सांगेल.
बघत नाही.
आतून, भांडी घासता घासता, शैलजा ओरडते,
"अहो, शेवटची उतरलीय!"
मी खुंटी जराशी पिळतो.
"आता?"
"अजून."
नळ बंद झाल्याचं कळतं, कारण ती दारात येऊन उभी आहे,
हात ओले, मान किंचित कललेली.
"अजून थोडी.
अजून.
हं. राहू दे तिथेच."